दोन चाळीसची ओहोटी

दिगंबरराव आठल्ये यांनी नोकरीची एकतीस वर्षं पाणी मोजण्यात घालवली. कोलकात्याच्या बंदराच्या नदी-सर्वेक्षण खात्यात ते होते. हुगळीला भरती किती वाजता येणार, किती चढणार, जहाजाच्या तळाखाली किती पाणी राहणार, हे आधी सांगायचं त्यांचं काम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी खिदिरपूरचं तिसऱ्या मजल्यावरचं घर त्यांनी सोडलं नव्हतं. गच्चीवरून गोदीतल्या क्रेनची डोकी दिसत, ते त्यांना पुरे होतं. पुण्याला जाऊन करायचं काय, तिथल्या नदीला भरती येत नाही, असं ते म्हणत. त्यावर वृंदा म्हणे, "माणसं राहतात हो तिथे. भरतीवाचून कुणाचं अडलेलं मी तरी पाहिलं नाही."

वृंदाला फिरायची भारी हौस, आणि तेहतीस वर्षांच्या संसारात ती हौस कायम लांबणीवर पडली. रजा मिळाली की साताऱ्याला कुणाचं तरी लग्न, नाहीतर कुणाचं तरी दुखणं. शेवटी या फेब्रुवारीत पुण्याच्या एका सहल कंपनीची जाहिरात तिनेच शोधून काढली. पूर्व किनाऱ्यावरची जुनी बंदरं बघत बघत श्रीलंकेपर्यंत: गोपाळपूर, विशाखापट्टणमजवळचं भीमुनिपट्टणम, तरंगमबाडी, नागपट्टणम, मग विमानाने कोलंबो आणि शेवटी गॉलचा किल्ला. डच, डेन, पोर्तुगीज, सगळ्यांनी ठेवून दिलेल्या भिंती. दिगंबररावांचे गुडघे इतक्या भिंतींना तयार नव्हते. "तू जा. मी इथे बसून तुझ्यावर लक्ष ठेवतो," ते म्हणाले, आणि एस्प्लनेडच्या फुटपाथवरून तिच्यासाठी रुंद काठाची टोपी घेऊन आले.

निघायच्या सकाळी विरजण नीट लागलं नव्हतं. म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून मातीच्या कुल्हडातलं गोड दही आणलं आणि चमचाभर तिच्या तळहातावर ठेवलं. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचंच, हा वृंदाचा नियम. "बरं झालं, साखर वेगळी घालायला नको," म्हणून तिने ते चाटलं, हात टॉवेलला पुसला आणि निघाली.

लक्ष ठेवतो म्हणाले ते काही उगीच नाही. त्यांच्याकडे भरतीच्या वेळांचं जाडजूड निळं पुस्तक होतं. जुन्या खात्यातला प्रकाश दर वर्षी नवी प्रत आणून देई. त्यात आपली बंदरं होतीच, शिवाय चितगाव, कोलंबो, गॉल, अशी शेजारच्या देशांचीही. रोज संध्याकाळी वृंदाचा फोन आला की दिगंबरराव दुसऱ्या दिवसाची वेळ सांगत: "उद्या गोपाळपूरला दहा वीसला भरती पुरी होईल, बघ." आणि दुसऱ्या दिवशी ती सांगे, "अगदी बरोबर! दहा वीसला ओहोटी लागली. मी घड्याळ धरून उभी होते." बरोबरच्या बायका हसत म्हणे. एकदा भीमुनिपट्टणमला सात मिनिटांचा फरक पडला, तर तिने फोन लागल्या लागल्या आधी तेच सांगितलं. नवऱ्याला चुकीत पकडायची संधी वृंदाने उभ्या जन्मात सोडली नव्हती.

रविवारी ती गॉलला पोचली. "उद्या दुपारी किल्ला," ती म्हणाली. दिगंबररावांनी पुस्तक काढलं, ओळीवर बोट ठेवलं. "दोन चाळीस. तटाखाली खडक असतील, तिथून नीट दिसेल."

"दोन चाळीस," ती म्हणाली. "लक्षात ठेवते."

सोमवारी दुपारी साडेतीनला सहलीबरोबरच्या प्रथमेशचा फोन आला. पोरगेल्या आवाजात तो म्हणाला, "काका, घाबरू नका. काकू बसपाशी आल्या नाहीयेत. तीनला सगळ्यांना बोलावलं होतं. फोन लागत नाहीये. आम्ही शोधतोय."

दिगंबरराव पाच मिनिटं खुर्चीत बसून राहिले. मग उठून देव्हाऱ्यापाशी गेले. देवाधर्माचं खातं वृंदाकडे होतं. ते स्वतः कधी उदबत्तीही लावत नसत. पण त्यांची आई, घरातलं कुणी संकटात असलं की, देव पाण्यात ठेवत असे. माणूस सुखरूप येईपर्यंत देवांनाही सुख नाही, असा तो रोखठोक व्यवहार होता. त्यांनी ओट्यावर पितळी पातेलं ठेवलं, वीतभर उंचीचं. नळाचं पाणी भरलं. गणपती, अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण, तिघांना एकेक करून आत सोडलं. मग कुणी ऐकत नाही ना, असं बघून ते मोठ्याने म्हणाले, "वृंदा या घरात पाय ठेवेपर्यंत तुम्हाला बाहेर काढणार नाही."

साडेपाचला फोन वाजला. "मिळाल्या काका! तटाखाली खडकांवर उभ्या होत्या. साडी भिजलीय, बाकी काही नाही. बोला."

"अहो," वृंदाचा आवाज आला, "काही झालेलं नाही. उगीच घाबरलात."

दिगंबरराव रडले. एकटेच होते, त्यामुळे चांगले मोकळेपणाने रडले. मग नाक पुसल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. भरतीची गणितं करणारा माणूस आपण, आणि हे काय करून बसलो! त्यांनी लगोलग देव बाहेर काढले, पंच्याने कोरडे केले आणि देव्हाऱ्यात मांडले. पाणी तुळशीला घालायचं म्हणून पातेलं तिथेच ठेवलं, आणि ते राहून गेलं.

मंगळवारी जेवायच्या वेळी पातेल्यातलं पाणी त्यांना कमी वाटलं. पितळेवर ओली कड होती आणि पाणी तिच्याखाली बोटभर. उडालं असेल. संध्याकाळी पाणी परत कडेला टेकलेलं होतं. रात्री निजताना पुन्हा खाली.

दुसऱ्या कुणी पातेलं ओतून टाकलं असतं. दिगंबररावांनी आत स्टीलची पट्टी उभी केली आणि वही घेऊन बसले. बुधवारी दिवसभर त्यांनी अर्ध्या अर्ध्या तासाने आकडे टिपले. पाणी सहा तास चढत होतं, सहा तास उतरत होतं. म्हणजे हुगळी नव्हे. हुगळीची भरती चार तासांत चढते आणि उतरायला आठ तास घेते, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. हा उघड्या समुद्राचा हिशेब होता, आणि चढउतार फारच थोडा. निळं पुस्तक काढून त्यांनी एकेक बंदर ताडून पाहिलं. गॉलला वेळा जुळल्या, पाच मिनिटांच्या आत.

त्याच पानावर त्यांना दुसरी एक गोष्ट दिसली. सोमवारच्या ओळीत दोन चाळीस नव्हतं, पाच दहा होतं. दोन चाळीस ही शुक्रवारची वेळ. बोट तीन ओळी वर पडलं होतं. एकतीस वर्षांत अशी चूक त्यांच्या हातून झाली नव्हती. वृंदा आता घरी येऊन दहा जणांना सांगणार, या विचाराने त्यांना उलट थोडं बरं वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी ते डमडमला विमानतळावर गेले. वृंदा सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. थोडी बारीक झाली होती, रंग रापला होता. टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत बसली. दिगंबररावांनी घरी ताटलीत पोळीचा तुकडा आणि तांब्यात पाणी काढून ठेवलं होतं. दारात थांबवून तुकडा ओवाळून टाकायचा, मगच आत घ्यायचं. पण गाडीतून बॅग काढून, गुडघे सांभाळत ते वर येईपर्यंत वृंदा स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत जाऊन बसलीही होती.

"दमलीस?"

"नाही."

"माझी दोन चाळीसची वेळ काय झाली मग?" त्यांनी आपणहून विषय काढला. चूक कबूल करायची त्यांची पूर्ण तयारी होती.

"बरोबर होती की," वृंदा म्हणाली, आणि हसली.

ते ओट्यापाशी गेले. पातेल्यातलं पाणी उतरत होतं. त्या वेळी गॉललाही उतरतच असणार होतं.

शुक्रवारचा दिवस अगदी नेहमीसारखा गेला. आमटीला चव नेहमीचीच होती. बंगळूरहून मुलीचा, आभाचा व्हिडिओ कॉल आला. आई छान दिसतेय म्हणाली. फक्त वृंदाने बॅग उघडली नाही. ती दाराजवळ होती तशीच उभी राहिली. पूजेची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, "तुम्हीच करा आजपासून." आणि किनाऱ्याबद्दल, किल्ल्याबद्दल, त्या बायकांबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही. तेहतीस वर्षं जिने जायची वाट पाहिली, तिला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. दिगंबरराव तिच्याकडे बघत आणि मनाला समजावत, की दमली असेल. मग उठून पट्टी वाचत.

शनिवारी ती आंघोळीला गेलेली पाहून त्यांनी साताऱ्याला सरलामावशीला फोन लावला. मावशी अठ्ठ्याऐंशीची, आईची धाकटी बहीण. तिला त्यांनी पाण्याचं काही सांगितलं नाही. देव पाण्यात ठेवले होते, एवढंच सांगितलं.

"बाहेर कधी काढलेस?"

"सापडल्याचा फोन आला तेव्हा."

"आणि बोलला काय होतास ठेवताना?"

"घरात पाय ठेवेपर्यंत काढणार नाही."

"फोनवर काढत नसतात रे, दिगू. माणूस उंबऱ्याच्या आत आलेलं डोळ्यांनी बघायचं, मग हात घालायचा. परत ठेव."

"अगं, पण ती आलीय. आत आंघोळ करतेय."

"मग ठेवायला काय हरकत आहे?" मावशी म्हणाली.

त्यांनी देव परत पाण्यात सोडले आणि तेच शब्द पुन्हा म्हटले, या वेळी हळू आवाजात.

रविवारी पातेल्यातल्या वेळा बदलल्या. गॉल सुटलं होतं. दुपारभर पानं उलटल्यावर नागपट्टणम जुळलं. मंगळवारी विशाखापट्टणम. तिथे चढउतार मोठा, पट्टीवर तीन बोटं भरला. दिगंबररावांनी वहीत बंदरांची नावं एकाखाली एक लिहिली, आणि लिहून झाल्यावर बराच वेळ त्या नावांकडे बघत राहिले. सहलीचं पत्रक अजून फ्रिजवर चिकटवलेलं होतं. वहीतली यादी तीच होती, फक्त खालून वर.

किनाऱ्याकिनाऱ्याने काहीतरी घराकडे येत होतं. हे वाक्य त्यांनी मनात सुद्धा पुरतं होऊ दिलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांना भूक लागेनाशी झाली, आणि खरं सांगायचं तर भीतीइतकाच आनंदही होत होता.

गुरुवारी ते पट्टी वाचत असताना वृंदा मागे मटार सोलत बसली होती. पातेल्याकडे तिने आजवर एकदाही पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी तिला काही सांगितलंही नव्हतं.

"कुठवर आलंय?" तिने विचारलं.

ते मागे वळले. "गोपाळपूर."

"हं," ती म्हणाली. "मग चार दिवस." आणि दाणे कढईत ओतून ती गॅसकडे वळली.

शनिवारी हुगळीच्या मुखावरचं सागर बेट लागलं आणि पाणी पातेल्याच्या काठावरून ओट्यावर सांडलं. ते गढूळ होतं. दिगंबररावांनी बोट बुडवून चाखलं. खारट, आणि दाताखाली बारीक गाळ. एकतीस वर्षांत हजारदा बाटलीत भरलेलं पाणी होतं ते. त्यांनी ओटा पुसला. फडकं पिळून वाळत घातलं.

रविवारी नदीत आणखी वर, डायमंड हार्बर.

त्या संध्याकाळी वृंदाने दूध कोमट करून विरजण लावलं. भांड्यावर झाकण ठेवून, वर घडी करून टॉवेल गुंडाळला. ती नेहमी असाच गुंडाळायची. दिगंबररावांना तिची दया आली, कशाबद्दल ते त्यांना सांगता आलं नसतं.

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पाणी चढायला लागलं. साडेआठपर्यंत निम्मं चढलं. इतक्या घाईने एकच नदी चढते. पुस्तक उघडायची गरज नव्हती, तरी त्यांनी उघडलं, आणि या वेळी ओळीवर पट्टी ठेवून वाचलं. गार्डन रीच, भरती पुरी अकरा दहा. गार्डन रीच घरापासून चालत अर्ध्या तासावर.

साडेदहाला वृंदा आतून आली. परत आली त्या दिवशीची साडी नेसली होती. पायांत चपला होत्या, बॅग हातात. दुसरा हात तिने त्यांच्यापुढे पसरला.

"दही घाला ना."

"कुठे निघालीस?"

"आता ती येईल ना. दोघींनी राहायचं म्हणजे कसं?" अडचण समजावून सांगावी तशी ती म्हणाली.

दिगंबररावांनी झाकण काढलं. दही छान घट्ट लागलं होतं. त्यांनी चमचाभर तिच्या तळहातावर ठेवलं. हात गार होता, आणि रेषांमध्ये बारीक वाळू होती.

"आंबट झालंय थोडं," ती म्हणाली. हात टॉवेलला पुसला आणि निघाली.

ते दार धरून उभे राहिले. पावलं तीन मजले खाली गेली. खालचं फाटक वाजलं.

गोदीत कुठेतरी भोंगा झाला. रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता.

अकराला पाच कमी असताना फाटक परत वाजलं.

पावलं वर यायला लागली. तीच चाल, पण फार सावकाश, आणि चपला ओल्या. पहिला मजला. दुसरा.

वृंदा दारात येऊन उभी राहिली. टोपी नव्हती, बॅग नव्हती. साडी गळ्यापर्यंत भिजून अंगाला चिकटली होती. केसांतून पाणी गळत होतं. चेहरा फार दमलेला होता. हीच ती. यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

"वृंदा!"

"किती चालले हो मी," ती म्हणाली.

तुकडा ओवाळायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी हात धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं, डोळ्यांनी पाहिलं, दोन्ही पाय घरात. तिला खुर्चीत बसवलं. ती त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही, रुसूनही नाही. काहीतरी समजत नसलं की बघायची, तसं.

"दोन चाळीस म्हणाला होतात ना?"

दिगंबररावांनी मान हलवली.

"म्हणून मी थांबले. पाणी कमरेला आलं, तरी म्हटलं, आता लागेल ओहोटी. तुमची वेळ कधी चुकत नाही." तिने ओल्या मनगटावरचं घड्याळ त्यांना दाखवलं. काटे दोन चाळीसवर होते. "लागलीच नाही हो."

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तीन ओळी वर बोट पडलं गं. माझं चुकलं."

तिला ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

आधी देव बाहेर काढले पाहिजेत, एवढं त्यांना सुचलं. बोलल्याप्रमाणे करायला हवं. मग टॉवेल, मग चहा. ते ओट्यापाशी आले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. गार्डन रीचला पाणी उतरायला लागून दहा मिनिटं झाली असणार होती.

पातेलं काठोकाठ भरलं होतं आणि काठावरून पाणी एकसारखं ओघळत होतं. अजून चढत होतं.

त्यांनी बाही वर सारली आणि हात आत घातला.

वीतभर उंचीचं पातेलं. मनगट बुडालं. कोपर बुडालं. बोटांना ना देव लागले, ना तळ.

बाहेरच्या खोलीतून वृंदाने विचारलं, "लागली का हो ओहोटी?"